परदेशी समन्सचं टेबल: मेधाला पत्र

पुणे

प्रिय मेधा,

सप्रेम नमस्कार.

‘आंतरराष्ट्रीय संबंधांचं काम गळ्यात पडलंय’ हे तुझं वाक्य वाचून हसू आलं. बाहेरच्यांना या शब्दांत शिष्टमंडळं, सामंजस्य करार, शाल-श्रीफळ आणि फोटो दिसतात. जिल्हा न्यायालयापर्यंत येता येता त्यातलं एकच काम उरतं: प्रतिवादी न्यू जर्सीत, दुबईत किंवा म्युनिकमध्ये बसलाय, त्याच्यावर समन्स बजावायचं आणि बजावलं याचा कागद परत आणायचा. आधीचा माणूस टेबलावर काहीच लिहून ठेवून गेला नाही म्हणतेस, तर हे जपून ठेव.

पाकीट हातात आलं की पहिला प्रश्न: दिवाणी की फौजदारी? फौजदारी असेल तर रस्ता गृह मंत्रालयातून जातो. परदेशातल्या पुराव्यासाठीचं विनंतीपत्र, ज्याला आपले लोक लेटर रोगेटरी म्हणतात, ते पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६६अ खाली निघायचं. १ जुलै २०२४ पासून ते तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ११२ खाली निघतं, आणि परदेशाकडून आलेलं कलम ११३ खाली हाताळतात. जुना छापील नमुना वापरून जुनं कलम लिहू नकोस. दिवाणी आणि कौटुंबिक कागद मात्र दिल्लीत कायदा व न्याय मंत्रालयाच्या विधी कार्य विभागाकडे जातात. परदेशात समन्स बजावण्याच्या हेग करारासाठी आपलं केंद्रीय प्राधिकरण, म्हणजे देशातर्फे हे काम बघणारं कार्यालय, तेच. तुझ्याकडे नव्वद टक्के हेच येणार, म्हणून पुढचं सगळं त्याबद्दल.

दुसरा प्रश्न देशाचा. हा हेग करार १९६५ चा. भारत त्यात २००६ मध्ये सामील झाला आणि १ ऑगस्ट २००७ पासून तो आपल्याला लागू आहे. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, जर्मनी, ऑस्ट्रेलिया, पोर्तुगाल त्यात आहेत. सिंगापूर १ डिसेंबर २०२३ पासून आलं. संयुक्त अरब अमिराती त्यात नाही. तिथे आपला १९९९ चा स्वतंत्र द्विपक्षीय करार चालतो आणि कागदांना अरबी भाषांतर लागतं. ‘आखात’ म्हणून सगळं एका फायलीत घालू नकोस, कारण शेजारचं कुवेत हेग करारात आहे. यादी बदलत असते, म्हणून दर वेळी हेग परिषदेच्या संकेतस्थळावर त्या देशाचं पान उघडून त्याची निवेदनं आणि हरकती वाच. पाच मिनिटांचं काम आहे, आणि चुकलेलं पाकीट परत यायला पाच महिने लागतात.

हरकतींचं प्रकरण नीट समजून घे, कारण वकील इथेच वाद घालतात. कराराचं कलम १० टपालाने थेट पाठवायला वाट देतं, पण ज्या देशाने हरकत घेतलेली नाही तिथेच. भारताने हरकत घेतली आहे, जर्मनीनेही; अमेरिका आणि ब्रिटनने टपालाला घेतलेली नाही. म्हणजे अमेरिकेतल्या वकिलाने सांगलीतल्या बाईला कुरिअरने धाडलेला घटस्फोटाचा कागद ही करारानुसार बजावणी नव्हे, आणि आपण न्यू जर्सीला रजिस्टर टपालाने पाठवलेलं समन्स मात्र करारात बसू शकतं. जर्मनीला ते अजिबात चालणार नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ५ रूल २५ वर बोट ठेवून ‘मॅडम, टपालाने पाठवा, ईमेल करा, व्हॉट्सअ‍ॅपवर दोन निळ्या खुणा आल्यात’ असं तुला सांगतील. तो निर्णय साहेबांचा, म्हणजे न्यायाधीशांचा, तुझा नव्हे. पण पुढे हुकूमनामा, म्हणजे दाव्याचा निर्णय, परदेशातच अमलात आणायचा असेल, तर तिथला वकील पहिला घाव बजावणीवर घालतो, एवढं टिपणीत लिहून ठेव. भारतातच मालमत्ता असेल आणि दरखास्त (अंमलबजावणीचा अर्ज) इथेच लागणार असेल तर गोष्ट वेगळी.

आता मुख्य गोष्ट, कराराचा नमुना अर्ज. त्याचे तीन भाग: विनंती, बजावणीचं प्रमाणपत्र आणि कागदांचा सारांश. विनंती आणि सारांश आपण भरायचा. प्रमाणपत्र कोरं सोडायचं, ते तिकडचे लोक भरतात. उत्साहाने तेही भरून पाठवलेलं आढळतं, आणि मग परत येतं. विनंतीवर सही न्यायालयाच्या अधिकाऱ्याची आणि शिक्का न्यायालयाचा हवा. पक्षकाराच्या वकिलाची सही चालत नाही, कारण करारात विनंती करणारा ‘प्राधिकारी किंवा न्यायिक अधिकारी’ असावा लागतो. सगळं दोन प्रतींत: अर्ज, समन्स, वादपत्र, कागदांची यादी आणि दस्तऐवज. दोन प्रतिवादी एकाच घरात राहत असले तरी दोन वेगळे अर्ज आणि दोन वेगळे संच. नवरा-बायकोला एकच पाकीट चालेल हे आपल्या बेलिफाला, म्हणजे समन्स नेऊन देणाऱ्या कर्मचाऱ्याला, वाटतं, तिकडच्याला वाटत नाही.

पद्धतीच्या रकान्यात तीन पर्याय असतात. साधारणपणे पहिला, म्हणजे त्या देशाच्या कायद्याप्रमाणे रीतसर बजावणी. एखादी खास पद्धत मागायची तर नेमके शब्द लिहावे लागतात. तिसरा पर्याय म्हणजे माणूस राजीखुशीने घेईल तर हातात द्यावं. भांडणाच्या दाव्यात तो निवडू नये, कारण प्रतिवादीने ‘नको’ म्हटलं की संपलं. एकाहून जास्त खुणा केल्या तर नेमकं काय हवं हे तिकडे कळत नाही. अमेरिकेत न्याय विभागाने हे काम खासगी कंत्राटदाराला दिलं आहे आणि शुल्क आधी भरावं लागतं. ते वादीने भरायचं. भरल्याचा पुरावा संचात नसेल तर अर्ज पडून राहतो. जर्मनीत सोळा राज्यांची सोळा प्राधिकरणं आहेत. म्युनिकचं पाकीट बर्लिनला गेलं तर वेळ फुकट, म्हणून पत्त्यावरून राज्य आधी काढ.

भाषांतर हे तुझं खरं डोकेदुखीचं कलम. आपलं वादपत्र मराठीत, त्यात ‘वहिवाट’, ‘कूळ’, ‘सरस-निरस वाटप’ असले शब्द. इंग्रजी देशांना प्रमाणित इंग्रजी भाषांतर, जर्मनीला जर्मन, लिस्बनला पोर्तुगीज. (गोव्याच्या न्यायालयांत वारसांच्या इन्व्हेंटरीत, म्हणजे वारसा-वाटपाच्या कामात, एखादा वारस पोर्तुगालात निघतोच, त्यामुळे पणजी-मडगावच्या लोकांना हे पाठ असतं.) वादपत्राबरोबर जोडलेल्या दस्तांचंही भाषांतर हवं, सातबारा तसाच मराठीत लावून पाठवणं ही नेहमीची चूक. खर्च वादीचा, आणि तो आधी भरून घे. पाकीट निघाल्यावर पैसे मागायला लागलीस तर तीन तारखा त्यातच जातील.

नावं पासपोर्टप्रमाणे लिही. वादपत्रात ‘चव्हाण’ असतं, पासपोर्टवर रोमन अक्षरांत त्याचे चार अवतार असू शकतात. पत्नीचं माहेरचं, सासरचं आणि तिकडे घेतलेलं, अशी तिन्ही नावं ‘ऊर्फ’ म्हणून एका ओळीत घाल. पत्ता पूर्ण हवा: फ्लॅट क्रमांक, रस्ता, शहर, राज्य, पिन. पोस्टबॉक्सवर कुणी माणूस जाऊन बजावणी करू शकत नाही, आणि पत्ताच माहीत नसेल तर करार लागूच होत नाही. मग तो अर्ज तुझ्या टेबलावर यायलाच नको.

तारखा अक्षरी लिही. आपण ०५/०८ लिहितो तेव्हा ५ ऑगस्ट म्हणतो, अमेरिकेत ते ८ मे वाचतात. समन्सवरची हजेरीची तारीख किमान सहा महिने पुढची मागून घे. रोजनाम्यात (दाव्याच्या तारीखवार नोंदीत) नेहमीसारखी चार आठवड्यांची मुदत पडली की समन्स समुद्रापलीकडे पोचायच्या आत शिळं होतं, मग नवं समन्स, नवं भाषांतर, पुन्हा तेच चक्र. साहेबांना टिपणीत नम्रपणे लिही, ते ऐकतात. कैफियतीची, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तराची, ३० दिवसांची आणि वाढवून मिळणारी ९० दिवसांपर्यंतची मुदत सारांशाच्या भागात स्पष्ट लिही.

एक फार महागडा गैरसमज: ‘परदेशात जाणारा कागद म्हणजे अपोस्टील (परदेशात चालावं म्हणून कागदावर घेतलेलं सरकारी प्रमाणन) हवंच.’ या करारात कागदांना अपोस्टील किंवा इतर कुठलंही साक्षांकन लागत नाही. पक्षकार मंत्रालय आणि परराष्ट्र खात्याच्या एजन्सीत पंधरा दिवस घालवून येतो, आणि त्याला ते सांगणारे बहुतेक आपलेच लोक असतात. अपोस्टीलची गरज उलट दिशेने पडते: प्रतिवादी तिकडून कुलमुखत्यारपत्र करून पाठवतो तेव्हा ते त्याच्या देशातून अपोस्टील होऊन यावं. भारत त्या १९६१ च्या करारात १४ जुलै २००५ पासून आहे. ते महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक भरून घ्यायला सांग, नाहीतर वर्षभराने पुराव्यात दाखल करताना वकील तुझ्याच टेबलाशी येतील.

दिल्लीला पाकीट थेट पाठवायचं की उच्च न्यायालयाच्या प्रबंधकांमार्फत, हे तुमच्या चालू परिपत्रकात पाहून त्याची प्रत टेबलाच्या काचेखाली ठेव. आणि जावक तारीख जप! कलम १५ मध्ये म्हटलंय की पाठवल्यापासून सहा महिने उलटले, प्रमाणपत्र आलं नाही आणि ते मिळवायचे सगळे वाजवी प्रयत्न केले, तर न्यायाधीश पुढे जाऊ शकतात. भारताने तसं निवेदन दिलेलं आहे. सहा महिने पाठवल्याच्या दिवसापासून मोजायचे, समन्स काढल्याच्या दिवसापासून नव्हेत. ‘वाजवी प्रयत्न’ म्हणजे तुझी स्मरणपत्रं. दोन-दोन महिन्यांनी एक तरी पाठव आणि रोजनाम्यात नोंद करून घे. फायलीत जावक क्रमांक नाही, स्मरणपत्र नाही, अशा स्थितीत एकतर्फी हुकूम झाला तर तो अपिलात टिकवणं वकिलाला जड जातं. प्रतिवादीला नंतर तो हुकूम उठवून मागायचा असेल तर कलम १६ खाली भारताने एक वर्षाची मुदत सांगितली आहे.

उलट दिशेने येणारं काम कमी, पण त्यात आपली लाज निघू शकते. दिल्लीहून आलेलं परदेशी समन्स तू बेलिफाकडे देतेस. तो परत येऊन लिहितो, ‘घरी आईकडे दिले.’ एवढ्याने प्रमाणपत्र भरता येत नाही. कुणाला दिलं, त्यांचं प्रतिवादीशी नातं, पत्ता, तारीख, पद्धत हे सगळं हवं, आणि दिलं नसेल तर कारण. ‘कुलूप’ एवढाच शेरा पुरत नाही. किती वेळा गेला, केव्हा गेला, शेजाऱ्यांनी काय सांगितलं ते लिहून घे. ऑर्डर ५ प्रमाणे घरातल्या प्रौढ व्यक्तीकडे देता येतं, नोकराकडे नाही. बेलिफाला आधी बसवून पाच मिनिटं समजाव. त्याचा दोष नाही, त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. आणि दावा खरा की खोटा यात आपण पडायचं नाही. सार्वभौमत्वाला किंवा सुरक्षिततेला बाध येत असेल तरच नकार देता येतो, आणि तोही दिल्लीने द्यायचा.

साक्षीपुराव्याचा करार वेगळा, १९७० चा. भारताला एप्रिल २००७ पासून लागू. तिकडून ‘अमुक कंपनीची सगळी कागदपत्रं द्या’ असं सरसकट मागणारी खटल्यापूर्वीची विनंती आली तर भारत ती मान्य करत नाही. हे काम उच्च न्यायालयामार्फत होतं, तुझ्याकडे क्वचितच येईल.

व्हिडिओवरची साक्ष मात्र येईलच. महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या २००३ च्या निकालाने ती वाट मोकळी केली. तिथे साक्षीदार न्यूयॉर्कचे डॉक्टर होते. परदेशातल्या साक्षीदाराजवळ समन्वयक म्हणून आपल्या वकिलातीचा किंवा दूतावासाचा अधिकारी लागतो, त्यामुळे त्यांना आधी पत्र, दस्तांचा क्रमांक घातलेला संच आधी, आणि चाचणी जोडणी आदल्या दिवशी. वेळ ठरवताना घड्याळ बघ. आपले सकाळचे ११ म्हणजे न्यूयॉर्कला हिवाळ्यात रात्रीचा साडेबारा, उन्हाळ्यात दीड. संध्याकाळी साडेसहाला ठेवलंस तर त्यांचे सकाळचे ८ किंवा ९ होतात. लघुलेखक आणि शिपाई थांबतील का, हे साक्षीदाराच्या आधी विचार.

नोंदवहीत रकाने असे कर: दावा क्रमांक, देश, करार, भाषांतराचे पैसे जमा, जावक तारीख, सहा महिने पुरे होण्याची तारीख, स्मरणपत्रं, प्रमाणपत्राची तारीख. सहा महिन्यांचा रकाना लाल शाईने लिही, आणि दर सोमवारी आधी तोच बघ.

तुझ्याकडे म्युनिकचं पाकीट आलंय ना, त्याचा पत्ता मला कळव, कुठल्या प्राधिकरणाकडे जातं ते पाहून सांगते. काकूंना नमस्कार.

तुझी,
सुनंदा