मॅनेजरच्या वह्या

रामबाग, इंदूर

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

घराला रंग द्यायच्या निमित्ताने आतल्या खोलीतील तबकड्या, स्पूल (चाकांवर गुंडाळलेल्या ध्वनिफिती) आणि कॅसेटी कुठे हलवायच्या, असे तू विचारले होतेस, आणि त्यांतील मौल्यवान तेवढे वेगळे काढून ठेवावे असेही सुचविले होतेस. फोनवर याचे उत्तर देणे मला जमले नसते, कारण या खोलीत जे मौल्यवान दिसते ते माझ्या मते तितके मौल्यवान नाही, आणि जे पाहताच कुणीही रद्दीत घालील ते पुन्हा कुठेही मिळणार नाही. म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आधी तबकड्यांविषयी. घरी येणारा प्रत्येक शौकीन थेट त्या कपाटाकडे जातो आणि गौहरजानची तबकडी हातात घेतल्याशिवाय चहाला बसत नाही. त्या तबकडीला मान आहे, याबद्दल वाद नाही. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात तिचे गाणे मुद्रित केले, तेव्हा आपल्याकडे तबकड्या छापण्याची सोय नव्हती. मुद्रण जर्मनीत हॅनोव्हरला जाई, आणि तिथल्या कामगारांना कोण गाते आहे हे कळावे म्हणून गाणे संपताच गायिका स्वतःचे नाव मोठ्याने सांगत असे. कलकत्त्याचा कारखाना सुरू झाला तो १९०८ मध्ये. हे सर्व तू लहानपणी माझ्याकडून नको तितक्या वेळा ऐकले आहेस. मला सांगायचे आहे ते इतकेच, की अशा तबकड्यांच्या प्रती अनेक संग्राहकांकडे आणि संस्थांमध्ये आहेत. आपली प्रत फुटली तर मला वाईट वाटेल, परंतु ते गाणे जगातून जाणार नाही. अमीर खाँसाहेबांच्या, एका बाजूस मारवा आणि दुसऱ्या बाजूस दरबारी असलेल्या एलपीचेही तसेच. ते आपल्या इंदूरचे, म्हणून ती मला प्राणाहून प्रिय आहे, पण ती कधीही विकत मिळेल.

खरा प्रश्न नावांचा आहे. छापील तबकडीवर सर्व काही लिहिलेले असते, असा समज असतो. तो खरा नाही. ज्या लताबाई १९२९ मध्ये याच शहरात जन्मल्या, त्यांनी १९४९ च्या ‘महल’मध्ये गायिलेले ‘आयेगा आनेवाला’ प्रथम तबकडीवर आले तेव्हा त्यावर गायिका म्हणून ‘कामिनी’ असे नाव छापलेले होते, आणि कामिनी हे तर चित्रपटातील पात्राचे नाव. श्रोत्यांनी रेडिओकडे विचारणा केली, तेव्हा कुठे खरे नाव सर्वांना कळले. गायिकेची ही गत, तर वादकांची काय असेल? शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांतील व्हायोलिनचे ताफे ज्यांनी रचले ते सेबॅस्टियन डिसोझा, किंवा ज्यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले ते अँथनी गोन्साल्विस, यांचे नाव त्या काळच्या तबकडीच्या कागदावर शोधूनही सापडत नाही. अ‍ॅकॉर्डियन कोणी वाजविले, तालवाद्यांवर कोण होते, याची माहिती पुढे लोकांनी वृद्ध वादकांच्या घरी जाऊन मिळविली. आणि जे वादक तोवर निघून गेले, त्यांचे वादन आपण आजही ऐकतो आणि त्यांची नावे मात्र कुणालाच सांगता येत नाहीत.

आता माझ्या कामाकडे वळतो. ऑर्केस्ट्राचा मॅनेजर म्हणजे तारखा घेणारा, सुपारीचे पैसे मोजणारा आणि साउंडवाल्याशी भांडणारा माणूस, अशी तुझ्या आईची व्याख्या होती आणि ती फारशी चुकीची नव्हती. गणेशोत्सवात गिरण्यांच्या आवारात, रवींद्र नाट्यगृहात, लग्नाच्या स्वागतसमारंभांत, शिवाय उज्जैन, देवास, महू, खंडवा, बऱ्हाणपूर येथे आमचे कार्यक्रम होत. त्या प्रत्येक कार्यक्रमाची नोंद मला वहीत ठेवावीच लागे, कारण दुसऱ्या दिवशी बिदागी वाटायची असे आणि तोंडी हिशेबावर वादकांचा विश्वास नसे (तो नसावाही). मेंडोलीनवर कोण होता, ढोलकीवाला आजारी म्हणून बदली कोण आला, कोणते गाणे कोणी कोणत्या पट्टीत गायिले, कोणाला वन्स मोअर मिळाला, निवेदन कोणी केले, पाऊस आला म्हणून मध्यंतरानंतर काय गाळले, हे सर्व त्या वह्यांत आहे. हिशेबासाठी लिहिलेल्या त्या वह्या आज आमच्या कार्यक्रमांच्या कॅसेटींचा एकमेव आधार आहेत.

कॅसेटी कशा झाल्या तेही सांगतो. मिक्सरमधून एक वायर काढून डेकला लावायची आणि कार्यक्रम सुरू होताच बटण दाबायचे, ही पद्धत मी तालमीसाठी सुरू केली. पुढच्या तालमीला ती कॅसेट लावली की कोरस कुठे उशिरा उठला आणि बासवाला कुठे घसरला हे वादकांना स्वतःच्या कानांनी ऐकू येई, आणि माझे निम्मे बोलणे वाचे. मिक्सरमधून आलेल्या या मुद्रणात वाद्यांचा आवाज जवळून येतो आणि टाळ्या मात्र लांबून, गायकांच्या माइकमधून शिरलेल्या ऐकू येतात. कापड गिरण्या चालू होत्या तोवर या शहरातले कितीतरी चांगले वादक दिवसा गिरणीत काम करणारे होते. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली, इतर गिरण्यांचीही तीच दशा झाली, आणि त्यांतल्या बहुतेकांनी पुन्हा वाद्य हातात धरले नाही. पुढे तयार ट्रॅक, म्हणजे आधीच मुद्रित केलेली साथ, आले, एक गायक आणि ते ट्रॅक वाजविणारी एक पेटी एवढ्यात कार्यक्रम होऊ लागला, त्याबद्दल तक्रार करणे मी कधीच सोडून दिले आहे. परंतु साउथ तुकोगंजमधल्या एखाद्या मंडपात अठरा माणसे एकत्र बसून, समोर नोटेशन ठेवून, चित्रपटातले संगीत कसे उभे करीत, याचा पुरावा आता या कॅसेटींखेरीज उरलेला नाही. तू म्हणशील, ती तर नक्कलच होती. नक्कल होती, हे मान्य आहे. पण मुंबईत पन्नास-साठ वादकांनी वाजविलेले संगीत अठरांच्या हातात बसविताना काय ठेवायचे आणि काय सोडायचे, हे ठरविणारा आमचा अ‍ॅकॉर्डियनवादक माझ्या दृष्टीने कुठल्याही संगीतसंयोजकापेक्षा कमी नव्हता, आणि त्याचे नाव फक्त माझ्या वहीत आहे.

जयपूर घराण्याचे गवई अल्लादिया खाँसाहेब यांचे उदाहरण मी नेहमी देतो. ते १९४६ पर्यंत हयात होते, आणि तोपर्यंत आपल्या देशात तबकड्या निघू लागून चार दशके उलटली होती. तरीही त्यांचा आवाज आपल्यापर्यंत पोहोचलेला नाही, शिष्यांच्या गळ्यातून ऐकू येईल तेवढेच. यंत्र असले म्हणजे आवाज आपोआप उरतो, असे नव्हे.

यासाठी खोली हलविताना क्रम असा ठेव: आधी वह्या, मग कॅसेटी, मग स्पूल, आणि शेवटी तबकड्या. वह्या आणि कॅसेटी वेगळ्या खोक्यांत गेल्या तरी चालेल, पण कॅसेटीच्या पाठीवरचा क्रमांक आणि वहीतला क्रमांक यांची सांगड सुटता कामा नये. कुणी उत्साहाने नव्या डब्या आणून जुनी कव्हरे फेकून देऊ लागले तर त्यांना थांबव.

कॅसेट ऐकताना आवाज दबलेला, गोधडीतून आल्यासारखा वाटला, तर ती खराब झाली असे समजू नको. मुद्रण करणाऱ्या डेकच्या हेडचा (फीत ज्याला घासून जाते त्या भागाचा) कोन आणि वाजविणाऱ्या डेकच्या हेडचा कोन जुळत नसला की वरचे स्वर, म्हणजे झांज, मेंडोलीनची तार, ‘स’काराचा आवाज, आधी नाहीसे होतात. हेडशेजारी एक छोटा स्क्रू असतो. गाणे चालू ठेवून तो बारीक पेचकसाने अगदी थोडा फिरवायचा, आणि झांज सर्वांत स्पष्ट ऐकू येईल तिथे थांबायचे. प्रत्येक कॅसेटीसाठी हे नव्याने करावे लागते, कारण आमचे डेक बदलत गेले. आतला लहानसा फेल्टचा तुकडा गळून पडला असेल तर फीत नव्या खोक्यात घालावी. स्क्रूने बंद होणारी रिकामी खोकी जेल रोडला पूर्वी सहज मिळत, आता मिळतील तेव्हा घेऊन ठेवावीत. १९७०-८० च्या दशकांतल्या काही विलायती स्पूलांची फीत मात्र चिकट होते, कारण तिच्यावरचा लेप हवेतील ओलावा शोषून बिघडतो. ती तशीच वाजविली तर लेप खरवडून हेडवर येतो आणि त्याबरोबर मुद्रणही जाते. त्यांना तू हात लावू नको. ते काम जाणकाराकडून, नियंत्रित उष्णता देऊन करवून घ्यावे लागते.

तबकड्यांचे नियम कमी आहेत. ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, तबकड्या लाखेच्या, म्हणून त्यांना स्पिरिट लागता कामा नये. सुतार पॉलिशसाठी लाख स्पिरिटमध्येच विरघळवतो. डिस्टिल्ड वॉटर, त्यात सौम्य साबणाचे थेंबभर पाणी, मऊ ब्रश, आणि लगेच सावलीत वाळविणे. उभ्या ठेवाव्यात, एकावर एक रचू नयेत, आणि माळ्यावर तर मुळीच नाही, कारण आपल्या मे महिन्यात पत्र्याखाली त्या वाकतात. एलपीची सुई त्यांना लावू नये. ७८ ची खाच जवळजवळ तिप्पट रुंद असते.

एका गोष्टीवर मला थोडे अधिक लिहू दे, कारण ती मॅनेजरकीनेच मला शिकविली. आमच्या गायकांना मूळ गाण्याची पट्टी हवी असे, आणि पेटीवाला तबकडी लावून पाही तर स्वर पेटीच्या काळी एक आणि पांढरी दोन या पट्ट्यांच्या मध्येच कुठेतरी सापडे. याचे कारण वेग. ७८ फेरे हा आकडा नंतर पक्का झाला. सुरुवातीच्या तबकड्या थोड्या कमी वा अधिक वेगानेही मुद्रित झाल्या आहेत, आणि सुमारे सहा टक्क्यांचा फरक पडला की संपूर्ण अर्धा स्वर बदलतो. तेवढ्याने गायकाचे वय बदलल्यासारखे वाटते, तान खोटी चपळ होते. साथीला पेटी असेल तर तिच्या स्वरावरून वेगाचा अंदाज बांधता येतो, पण तोही अंदाजच. म्हणून कोणती तबकडी कोणत्या वेगाने वाजवून प्रत केली, हे प्रतीसोबत लिहिणे मी सक्तीचे मानतो. लिहिले नाही तर पुढच्या माणसाला आपला निर्णय तपासताच येणार नाही.

संगणकावर प्रत करताना ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, आणि वेव्ह (आवाज न दाबता साठविणाऱ्या) स्वरूपातच करावी. स्टिरिओच्या एका तासाला सुमारे दोन जीबी लागतात, एमपीथ्री फक्त ऐकवण्यापुरती. खरखर काढून ‘स्वच्छ’ केलेली प्रत मूळ प्रत म्हणून कधीही ठेवू नको. हल्लीचे सॉफ्टवेअर खरखरीबरोबर सारंगीच्या गजाची घासही पुसून टाकते, आणि ऐकणाऱ्याला काय गेले हे कळतही नाही; मला तर अशा गुळगुळीत मुद्रणांचा मनस्वी कंटाळा आहे. तीन प्रती असाव्यात, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या गावी, म्हणजे पुण्याला तुझ्याकडे.

हक्कांचे तू कायदेशीर बाजूने माझ्यापेक्षा अधिक जाणतेस. ध्वनिमुद्रणावरचा हक्क आपल्याकडे प्रकाशनानंतर ६० वर्षे चालतो, त्यामुळे जुन्या तबकड्यांबाबत त्या बाजूने अडचण नाही. गीतकार आणि संगीतकार यांचे हक्क मात्र वेगळे, ते त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षे. आमच्या कॅसेटींवर त्याखेरीज वादक-गायकांचे कलावंत म्हणूनही हक्क आहेत, ५० वर्षांचे. म्हणून मी जे हयात आहेत त्यांच्याकडून संमतीची पत्रे घेत आलो आहे. ती हिरव्या फायलीत आहेत. ज्यांचे पत्र नाही त्यांचे मुद्रण कुणालाही ऐकायला द्यावे, पण इंटरनेटवर घालू नये.

हा संग्रह तू आयुष्यभर सांभाळावा, अशी माझी अपेक्षा नाही, आणि प्रेमापोटी तसे वचनही देऊ नको. गुरुग्रामला अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे १९८२ पासूनचे संगीतविषयक अभिलेखागार आहे. तिथे ठेव देताना अटी ठरविता येतात आणि हक्क ठेवणाऱ्याकडे राहू शकतात. तबकड्यांचे काहीही कर. विकल्यास तरी माझी हरकत नाही, मात्र पैशांतून आधी कॅसेटींच्या प्रती व्हाव्यात. कॅसेटी आणि वह्या यांची ताटातूट करू इच्छिणाऱ्या कोणत्याही संस्थेला त्या देऊ नयेत, मग ती कितीही मोठी असो.

वह्यांतील अक्षर माझ्याखेरीज कुणाला लागत नाही, हे मला ठाऊक आहे, त्यामुळे त्या मी स्वतःच वाचून दाखवीत आहे आणि शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा संगणकावर उतरवून घेत आहे. काही वादकांची फक्त टोपणनावे लिहिलेली आहेत. त्यांची पूर्ण नावे विचारण्यासाठी मी आठवड्यातून एकदा जुन्या मंडळींकडे जातो, आणि त्यांपैकी दोघे पुण्यात मुलांकडे राहायला गेले आहेत. त्यांचे पत्ते वेगळ्या कागदावर पाठवीत आहे. त्यांना भेटून सोबतच्या यादीतील नावे भरून घे, आणि दिवाळीला येताना चार टेराबाइटची हार्ड डिस्क घेऊन ये. बिल माझ्या नावाने कर.

तुझे,
बाबा