आदामाचा प्रश्न धर्मशिक्षणाच्या वर्गातही येऊ द्या

महोदय,

गेल्या रविवारच्या अंकातील लेखात म्हटले आहे की, उत्क्रांती मान्य केली की ख्रिस्ती श्रद्धेचा पायाच निखळतो. मी वसईची कॅथलिक, निवृत्त विज्ञान शिक्षिका. मला हे पटत नाही. मात्र लेखकांनी सगळा भर देवाने सहा दिवसांत सृष्टी घडवली या बायबलमधल्या कथेवर दिला आणि खरा अवघड प्रश्न राहूनच गेला.

सहा दिवसांचे उत्तर जुने आहे. बायबलच्या 'उत्पत्ती' या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात प्रकाश पहिल्या दिवशी आणि सूर्य चौथ्या दिवशी होतो. सूर्याआधीचे दिवस कसले, या प्रश्नाशी प्राचीन धर्मपंडित संत ऑगस्टीन सोळाशे वर्षांपूर्वीच झगडत होते. पहिल्या अध्यायात माणूस प्राण्यांनंतर येतो, दुसऱ्यात पुरुष आधी, मग झाडे, प्राणी आणि शेवटी स्त्री. ज्यांनी हे दोन्ही वृत्तांत शेजारी ठेवले, त्यांना ही विसंगती दिसली नसेल असे मला वाटत नाही.

खरी अडचण तारणाची, म्हणजे ख्रिस्ताने माणसाला पापातून सोडवण्याची आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात प्रेषित पौल सांगतो की, एका माणसामुळे, म्हणजे आदामामुळे, पाप आणि मरण जगात आले, तसेच एका माणसामुळे, म्हणजे ख्रिस्तामुळे, कृपा आली. आता मोरोक्कोतल्या जेबेल इरहूद येथील मानवी जीवाश्म सुमारे 3 लाख वर्षांपूर्वीचे आहेत. 2010 मध्ये निअँडरथल या नामशेष मानवांच्या जनुकसंचाचा आराखडा प्रसिद्ध झाला आणि आफ्रिकेबाहेरच्या लोकांत त्यांचा एक-दोन टक्के अंश असल्याचे कळले. आपल्या जनुकांतले वैविध्य पाहता आपण सारे एकाच जोडप्यापासून झालो, हे बसत नाही. मरण तर माणसाच्या कोट्यवधी वर्षे आधीपासून आहे. मग आदिपाप, म्हणजे आदामापासून साऱ्या माणसांत उतरलेले पाप, आले कुठून, आणि ख्रिस्ताने आपल्याला सोडवले ते कशातून?

चर्चलाही हा पेच ठाऊक आहे. 1920 च्या दशकात तेयार द शार्दँ या येशूसंघीय (जेझुइट) पुराजीवशास्त्रज्ञाची पॅरिसमधली प्राध्यापकी गेली, ती आदिपापावरच्या एका टिपणापायी. 1950 मध्ये पोप बारावे पायस यांनी मानवी शरीराच्या उत्क्रांतीवर संशोधनाला मोकळीक दिली, पण आदिपालक, म्हणजे मानवजातीचे पहिले आईबाप, अनेक होते हे मत नाकारले, कारण आदिपापाशी ते कसे जुळवायचे हे दिसत नव्हते. 1996 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांतीचा सिद्धांत गृहीतकापेक्षा अधिक काही आहे असे म्हटले. आदिपालक एक की अनेक, हा विषय मात्र त्यांनी तिथे काढला नाही.

मला स्वतःला दुसऱ्या शतकातले लिऑनचे बिशप संत आयरेनियस जवळचे वाटतात. त्यांनी आदामाला बालकासारखा, अजून वाढायचा असलेला माणूस मानले. तसे पाहिले तर तारण म्हणजे निव्वळ बिघडलेल्याची दुरुस्ती राहत नाही, अपुऱ्या माणसाला देवाने पूर्णत्वाला नेणे होते. पाप खरे आहे यासाठी मला जीवाश्माचा पुरावा लागत नाही. आपण जन्मतो तेच हेव्यादाव्यांच्या आणि हिंसेच्या जगात, आणि त्यातून स्वबळावर सुटत नाही. माझी श्रद्धा यावर उभी आहे.

आपल्या राज्यात दहावीच्या पुस्तकात 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा धडा आहे आणि साधारण त्याच वयात आमची मुले दृढीकरणाची, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणाऱ्या संस्काराची, तयारी करतात. एका विद्यार्थिनीने मला विचारले होते, "टीचर, येशू निअँडरथलांसाठीपण मेला का?" तिने हाच प्रश्न धर्मशिक्षणाच्या वर्गात विचारला, तेव्हा तिला गप्प बसवण्यात आले. प्रश्न उत्तम होता, आणि धर्मशास्त्राचाच होता.

धर्मग्रामांतल्या फादरांना व धर्मशिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे की, दृढीकरणाच्या वर्गात एक तास या विषयासाठी ठेवा. आणि संपादक महोदय, पुण्याच्या 'ज्ञानदीप' या कॅथलिक संस्थेत धर्मशास्त्र शिकवणारे अभ्यासक आहेत. त्यांच्यापैकी कोणाकडून तरी आदिपापावर मराठीत लेख मागवून छापावा.

– एक वाचक, वसई