‘दूध काढून पाजा’ एवढं सांगून भागत नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी १ ते ७ ऑगस्ट हा जागतिक स्तनपान सप्ताह असतो. त्या निमित्ताने येणाऱ्या मजकुरात बाळाला छातीशी कसं धरावं याची माहिती भरपूर असते. ज्या बाळाला अंगावर पिताच येत नाही, त्याच्या आईच्या वाट्याला मात्र शेवटची एक ओळ येते: ‘दूध काढून पाजा.’ ३४ आठवड्यांच्या आधी जन्मलेल्या बाळाला चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ सहसा जमत नाही. टाळू दुभंगलेली असेल तर तोंडात ओढ तयार होत नाही. कधी सगळं ठीक असूनही बाळ अंगावर लागत नाही. अशी बाळं महिनोन्महिने केवळ काढलेल्या दुधावर छान वाढतात. पण ते कसं काढायचं हे नीट न सांगितल्यामुळे पुष्कळ आया तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ‘मला दूधच कमी’ म्हणून थांबतात. दोष बहुतेकदा त्यांच्या शरीराचा नसतो, वेळांचा किंवा दूध काढण्याच्या पंपाच्या भागांचा असतो. म्हणून हे सविस्तर पत्र.

सर्वांत महत्त्वाचे पहिले १४ दिवस. वार पडल्यावर शरीरातलं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक झपाट्याने उतरतं आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवशी दूध आपोआप भरतं. त्यानंतरचा कारभार मात्र किती वेळा दूध बाहेर पडतं यावर चालतो. स्तन भरलेला राहिला की दूध तयार होण्याचा वेग मंदावतो, रिकामा झाला की वाढतो. ‘आता थांब, छाती भरू दे, मग एकदम जास्त निघेल’ हा घरोघरी मायेने दिला जाणारा सल्ला नेमका उलटा आहे. त्या वेळेपुरतं जास्त निघतं, पण आठवड्याभरात एकूण दूध उतरायला लागतं.

सुरुवात जमल्यास पहिल्या तासात, नाहीच तर सहा तासांच्या आत, आणि हाताने. चीक घट्ट असतो, थेंबाथेंबाने येतो आणि पंपाच्या भागांना चिकटून वाया जातो. हात धुवून स्तनावर हलकेच हात फिरवावा. अंगठा वर आणि बोटं खाली असा इंग्रजी ‘सी’ अक्षराचा आकार करून ती बोंडापासून साधारण २ ते ३ सेंटिमीटर मागे ठेवावीत. आधी छातीच्या फासळ्यांकडे दाबावं, मग बोटं एकमेकांकडे आणावीत, आणि सोडून द्यावं. बोटं त्वचेवरून घसरू देऊ नयेत, बोंड ओढू नये. थेंब कमी झाले की बोटांची जागा गोलाकार बदलत जावी. चमच्यात किंवा सिरिंजमध्ये १ मिलिलिटर जमला तरी तो बाळाच्या कामाचा असतो. पहिल्या दिवशी बाळ एका वेळी २ ते १० मिलिलिटरच घेतं.

दूध भरायला लागलं की दोन्ही बाजूंनी एकाच वेळी ओढणारा विजेचा पंप सोयीचा. २४ तासांत ८ ते १० वेळा, प्रत्येक वेळी १५ ते २० मिनिटं. सुरुवातीच्या आठवड्यांत शेवटचा थेंब पडल्यावरही दोन मिनिटं पंप चालू ठेवावा. घड्याळ लावून बरोबर तीन तासांनीच बसायला हवं असं नाही. कधी दोन तासांनी, कधी चार तासांनी चालेल, दिवसभराचा आकडा भरला पाहिजे. मात्र सुरुवातीला ४-५ तासांपेक्षा मोठा खंड नको आणि रात्री १ ते ५ च्या दरम्यान एकदा तरी उठावं, कारण दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन रात्री चढं असतं. चौदाव्या दिवसापर्यंत २४ तासांचं एकूण दूध ५०० ते ७५० मिलिलिटरच्या घरात यायला हवं. ते ३५० च्याही खाली असेल तर त्याच दिवशी सल्ला घ्यावा, महिनाभर वाट पाहू नये. एकेका वेळचं माप पाहून धीर सोडू नये. सकाळी १२० आणि संध्याकाळी ६० निघणं हे अगदी नेहमीचं आहे.

आता पंपाबद्दल. स्तनावर बसणाऱ्या नरसाळ्याला फ्लँज म्हणतात. खोक्यात बहुतेक वेळा २४ मिलिमीटरचा फ्लँज येतो आणि तोच सगळ्यांना बसतो असं गृहीत धरलं जातं. पंप करण्याआधी मिलिमीटरची पट्टी घेऊन बोंडाची बुडाशी असलेली रुंदी मोजावी. भोवतीचा गडद भाग मोजायचा नाही. त्या मापाइतका किंवा त्याहून १ ते ३ मिलिमीटर मोठा फ्लँज घ्यावा. रुंदी १७ भरली तर १७ ते २०. दोन्ही बाजूंचं माप वेगळं असू शकतं आणि काही आठवड्यांनी बदलतंही. फ्लँज मोठा असला की गडद भागही नळीत ओढला जातो, तिथे सूज येते आणि दूध आतच राहतं. लहान असला की बोंड नळीच्या कडांना घासतं, पांढरं पडतं, चिरतं. बोंड नळीत मोकळेपणी मागे-पुढे झालं आणि भोवतालची त्वचा जेमतेम हलली, म्हणजे माप बरोबर.

ओढ जास्त ठेवली की दूध जास्त येतं हा दुसरा गैरसमज. दुखलं की पान्हा अडतो. आधी हलकी, जलद ओढ ठेवावी. साधारण दोन मिनिटांत पान्हा फुटतो, धार दिसू लागते. मग संथ आणि खोल ओढीवर यावं, पण दुखणार नाही तितकीच. धार थांबल्यावर पुन्हा जलद ओढ लावली तर बऱ्याचदा दुसरा पान्हा येतो. पंप चालू असताना एका हाताने स्तनाचा भरलेला भाग हलका दाबत राहावं आणि शेवटी हाताने काढून घ्यावं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या आयांवर झालेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. पंपाला हातांची अशी जोड दिल्यावर त्या आयांचं रोजचं दूध सरासरी ४८ टक्क्यांनी वाढलं होतं. या उपायाला पैसा लागत नाही, तरी तो फार कमी ठिकाणी शिकवला जातो याचं आम्हाला वाईट वाटतं.

चांगलं चाललेलं दूध एकदम निम्म्यावर आलं तर आईला दोष देण्याआधी व्हॉल्व्ह पाहावा. फ्लँजच्या खाली बदकाच्या चोचीसारखा सिलिकॉनचा तुकडा असतो. तो उजेडासमोर धरावा. त्याची चीर मिटलेली असायला हवी. मधून प्रकाशाची रेघ दिसली की तो संपला, कारण तिथून हवा शिरते आणि ओढ पडते, मोटार मात्र पूर्वीसारखीच वाजत राहते. ब्रश किंवा टाचणी घालून तो साफ केला की ही चीर रुंदावते, म्हणून बोटांनीच धुवावा. काही पंपांत चोचीऐवजी पातळ पांढरा पडदा असतो, त्याची कड दुमडते किंवा फाटते. रोज ८ वेळा वापर असेल तर हे भाग महिन्या-दोन महिन्यांनी बदलावे लागतात. एक जोड आधीच घरात असावा. नळीत वाफेचे थेंब दिसले तर बाकीचे भाग काढून पंप काही मिनिटं नुसता चालवावा. काळे डाग दिसले तर नळी धुवत बसू नये, टाकून द्यावी.

धुण्याबाबत कुचराई नको. दुधाला लागणारे भाग प्रत्येक वेळी, आणि बेसिनमध्ये नव्हे, तर याच कामासाठी ठेवलेल्या घमेल्यात साबणाच्या गरम पाण्याने धुवावेत, वाहत्या पाण्याखाली खळबळावेत आणि हवेवर पूर्ण वाळू द्यावेत. बाळ दोन महिन्यांपेक्षा लहान असेल, अपुऱ्या दिवसांचं किंवा आजारी असेल तर दिवसातून एकदा ५ मिनिटं उकळावेत. न धुता फ्रिजमध्ये ठेवून दिवसभर तेच भाग वापरण्याची युक्ती थकलेल्या आईला सोपी वाटते, पण थंडीने जंतू मरत नाहीत, फक्त त्यांची वाढ मंदावते. अशा लहान बाळासाठी ती धोक्याची आहे.

साठवण: २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ४ तास (उकाडा असेल तर त्याहून कमी), फ्रिजमध्ये आतल्या बाजूला ४ दिवस, उणे १८ अंशांवर ६ महिने उत्तम आणि १२ महिने चालण्यासारखं. अतिदक्षता विभागातल्या बाळासाठी नियम याहून कडक असतात, तिथले पाळावेत. ताजं कोमट दूध गार दुधात थेट ओतू नये, आधी गार करावं. पिशवीत ६० ते १२० मिलिलिटरच भरून, वर जागा सोडून, तारीख घालून आडवी गोठवावी. वितळलेलं दूध फ्रिजमध्ये २४ तासांत संपवावं, पुन्हा गोठवू नये. कोमट पाण्याच्या भांड्यात धरून गरम करावं. मायक्रोवेव्हमध्ये ते एकसारखं तापत नाही आणि बाळाचं तोंड भाजतं. वर साय आल्यासारखी चरबी दिसते ती बाटली हलकी फिरवून मिसळावी.

कधी वितळलेल्या दुधाला साबणासारखा वास येतो आणि बाळ तोंड फिरवतं. दुधातलं लायपेझ हे विकर (एन्झाइम) चरबी फोडत राहिल्यामुळे हे होतं. दूध नासलेलं नसतं. मात्र गोठवल्यानंतर त्यावर उपाय नाही. म्हणून साठा करण्याआधी एकच पिशवी आठवडाभर गोठवून चव पाहावी. वास येत असेल तर पुढचं दूध गोठवण्याआधी कडेला बारीक बुडबुडे येईपर्यंत, म्हणजे साधारण ८२ अंशांपर्यंत, तापवून लगेच गार करावं. त्यात काही संरक्षक घटक कमी होतात, त्यामुळे ताजं देता येण्यासारखं दूध तापवू नये.

बाळ किती पितं, या प्रश्नावर सगळ्यात जास्त घोळ होतो. पावडरच्या डब्यावरचा तक्ता वयाबरोबर वाढत जातो आणि तोच आईच्या दुधाला लावला जातो. आईच्या दुधावरचं बाळ एक महिन्यापासून सहा महिन्यांपर्यंत दिवसाला सरासरी ७५० मिलिलिटरच्या आसपास घेतं. कुणी थोडं कमी, कुणी जास्त, पण महिन्यागणिक आकडा चढत नाही. म्हणजे ८ वेळा पाजलं तर एका वेळी ९० ते १०० झालं. बाटली उभी धरून मोठ्या छिद्राच्या निपलने दिली तर दूध आपोआप घशात उतरतं. बाळाला ते थोपवता येत नाही, ५ मिनिटांत १५० संपतं आणि सगळे म्हणतात, ‘बघा, किती भूक होती!’ मग पुरेसं असलेलं दूधही अपुरं ठरतं. बाळाला जवळजवळ बसतं धरावं, सर्वांत संथ निपल घ्यावं, बाटली आडवी ठेवावी, दर २०-३० मिलिलिटरला थांबून ढेकर काढावा. १५ ते २० मिनिटं लागली पाहिजेत. वाटी-चमच्याने पाजता आलं तर फारच चांगलं. पाचव्या दिवसानंतर २४ तासांत सहा किंवा जास्त वेळा भरपूर शू, दोन आठवड्यांत जन्मवजन परत आणि नंतर रोज २० ते ३० ग्रॅम वाढ, यावरून दूध पुरतं की नाही हे कळतं.

दूध खरोखरच कमी असेल तर एका जागी तासभर बसून २० मिनिटं पंप, १० विश्रांती, १० पंप, १० विश्रांती, १० पंप, असं दिवसातून एकदा काही दिवस करून पाहावं. त्यानेही फरक पडला नाही तर थायरॉइड, बाळंतपणातला मोठा रक्तस्राव, वारेचा आत राहिलेला तुकडा, दूधग्रंथीच कमी असणं ही कारणं डॉक्टरांनी तपासायला हवीत. दूध वाढवायला डोम्पेरिडोन हे औषध मनाने घेऊ नये, त्याचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो.

स्तनात दूध साठून गाठ आल्यावर काय करायचं, हे अलीकडे बदललं आहे. शेकून, जोरात चोळून, ‘पूर्ण रिकामं’ करण्याचा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या दिला गेला. स्तनपान वैद्यकातल्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२२ मध्ये दिलेल्या सूचना वेगळ्या आहेत: चोळू नये, थंड पट्ट्या ठेवाव्यात, नेहमीच्याच वेळांना पंप करावा, जादा नाही. दुखणं मुळात सुजेचं असतं. चोळल्याने सूज वाढते आणि जादा पंप केल्याने दूध वाढून कोंडी आणखी होते. ताप, लाली २४ तासांत उतरली नाही तर मात्र डॉक्टरांकडे जावं.

आणखी एक हिशेब घरातल्या माणसांसाठी. ८ वेळा २० मिनिटं पंप, ८ वेळा १० मिनिटं धुणं, ८ वेळा २० मिनिटं पाजणं: दिवसाचे ६ तास ४० मिनिटं. यातला पंप सोडला तर बाकीचे चार तास घरातलं कुणीही उचलू शकतं. रात्री १ ते ५ मधला पंप आईने करावा, त्या वेळचं पाजणं आणि धुणं दुसऱ्याने.

साधारण १२ आठवड्यांनी दूध स्थिरावलं की पंपाच्या वेळा कमी करता येतात. एकच वेळ कमी करावी, ४-५ दिवस २४ तासांचा आकडा पाहावा, टिकला तरच पुढची. कुणाचा आकडा ५ वेळांवर टिकतो, कुणाचा ७ च्या खाली गेला की घसरतो, कारण स्तनांत दूध मावण्याची क्षमता प्रत्येकीची वेगळी असते. पूर्ण बंद करतानाही हाच क्रम ठेवावा. मधे छाती ठणकली तर आराम पडेल इतकंच, दोन-चार मिनिटं काढावं आणि पंप बाजूला ठेवावा.

आपल्या विश्वासू,
नवजात शिशू विभागातील स्तनपान मार्गदर्शक परिचारिका