म्हैस मेली तरच नुकसान मोजणार का? पशुपालन मंत्र्यांना खुले पत्र

माननीय पशुपालन मंत्री महोदय,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

सा. न. वि. वि.

परवा दुपारी आमची चंद्री म्हैस गाभडली. सातवा महिना होता. चार दिवस ती मान लांब करून, तोंड उघडे टाकून धापा टाकत होती. आई रात्रभर ओली पोती तिच्या पाठीवर घालत बसली. कारण कळायला नमुना तपासावा लागेल, असे डॉक्टर फोनवर म्हणाले. नमुना न्यायला कोणी आले नाही. शेवटी मेलेल्या रेडकासाठी मीच खड्डा खणला.

गेल्या वर्षी गावात शिबिर झाले, तेव्हा गोठ्याला पंखे आणि फवारे देऊ असे सांगितले होते. आधार, पासबुक, म्हशींचे फोटो, सगळे दिले. पोचपावती माझ्याकडे आहे. यंदा विचारायला गेलो तर उत्तर मिळाले, पोर्टल बंद आहे.

साहेब, आम्ही चार पिढ्या ग्वाल्हेरात आहोत. ऊन आम्हाला नवे नाही. पण २०२२ चा मार्च १९०१ पासूनचा देशातला सर्वांत उष्ण मार्च ठरला, आणि तेव्हापासून होळी झाली की माझ्या पोटात गोळा येतो. म्हशीची कातडी काळी, घामाच्या ग्रंथी गायीपेक्षा कितीतरी कमी. तिला डबके हवे, सावली हवी. गावचा तलाव फाल्गुनातच आटतो. मग ती चारा कमी खाते, दूध आटते, माज मुका जातो, म्हणजे बाहेर दिसतच नाही, आणि रेतन वाया जाते. माझ्या आठ म्हशींचे दूध ६० लिटरवरून ३५ वर आले आहे. फॅट उतरले की भावही उतरतो. कंबाइनने गहू काढल्यावर उरलेले काड शेतातच जाळतात, म्हणून भुसाही महाग.

हे नुकसान तुमच्या कुठल्या कागदावर येते? जनावरांच्या विम्याच्या हप्त्यात शेतकऱ्याचा वाटा केंद्र सरकारने २०२४ पासून १५ टक्के केला, त्याबद्दल आभार. पण तो विमा म्हैस मेल्यावर मिळतो. आटलेल्या दुधाचे, रिकाम्या गेलेल्या वर्षाचे काय? पारा अमुक दिवस ४५ च्या वर राहिला की पंचनामा न करता पैसे खात्यात पडावेत, एवढेच मागतो आहे. आणि दुपारची वीज. जेठात हवा कोरडी असते, फवारा आणि पंखा मिळून म्हैस वाचते. श्रावणात दमट झाले की फवाऱ्याचा उपयोग नाही, पंखाच लागतो. दोन्हींना वीज लागते, आणि ती नेमकी बारा ते चार जाते!

देशाच्या दुधात राज्याचा वाटा ९ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर नेणार, असे सरकार सांगते. ते दूध कोण देणार, साहेब? व्यासपीठावर गाईला हार घालणारे की उन्हात बादली घेऊन धावणारी माझी आई? तुमच्या खात्यात बैठकीला वातानुकूलित खोली आहे आणि गावच्या दवाखान्याला कुलूप आहे. शेतकरी मेला की पंचनामा, जनावर मेले की पंचनामा. जगवण्यासाठी मात्र कुणाची सही मिळत नाही. हे एकट्या तुमच्या खात्याचे नाही, सगळ्या कारभाराचेच असे झाले आहे.

चंद्री आज उभी राहिली. कासेला हात लावू देत नाही. पोचपावतीची नक्कल सोबत जोडली आहे, तिच्यावर तारीख आणि शिक्का आहे. पंखे कधी येतील ते लेखी कळवावे.

आपला,
भितरवार रस्त्यावरचा एक म्हैसपालक, ग्वाल्हेर