बरणीतल्या भुंग्यांबद्दल, मॅडम, तुम्हाला

मॅडम, नमस्कार.

तुमची बदली झाल्याचं मला दोन महिन्यांनी कळलं, तेही तूर बियाण्याची चौकशी करायला कृषी विज्ञान केंद्रात गेलो तेव्हा. निरोपाचा नारळ द्यायचा राहून गेला. म्हणून हे पत्र. उघड अशासाठी लिहितोय, की गेल्या पावसाळ्यात कितीतरी जणांनी मला गाजर गवत खाणाऱ्या भुंग्यांबद्दल "ते किडे कुठं मिळतात?" असं विचारलं, आणि दर वेळी गोष्ट तुमच्यापासूनच सुरू करावी लागली.

तुम्ही पहिल्यांदा आलात तो गाजर गवत जागृती सप्ताह होता. 16 ते 22 ऑगस्ट, जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाचा देशभरचा कार्यक्रम, हे नंतर समजलं. त्या दिवशी एवढंच दिसलं की चावडीपुढं सतरंजी टाकली आहे आणि चहा येणार आहे. मी मागं बसलो होतो, आणि खरं सांगतो, चिडून बसलो होतो. आमच्या बार्शीकडच्या काळ्या रानात बांधाला, ओढ्याला, शाळेमागं कंबरेएवढं काँग्रेस, म्हणजे हेच गाजर गवत, माजलेलं. त्याचं चित्र तक्त्यावर कशाला बघायचं? तुम्ही सांगत होता, की या गवताची पुण्यात पहिली नोंद 1955 सालची, आणि एका झाडाला 10,000 च्या वर बी धरतं. मी मनात म्हणालो, मोजत बसायला वेळ आहे लोकांना.

तेवढ्यात आमची आई उठली. "बाई, बी राहू द्या, माझ्या हाताचं काय ते सांगा."

तुम्ही तक्ता खाली ठेवलात. तिच्या कोपराची खाच पाहिली, मान पाहिली, सुजलेल्या पापण्या पाहिल्या. खुरपणीला हिच्या वाट्याला कुठलं रान येतं, ते विचारलंत. आमच्या घरी तीन वर्षं हे "उष्णता" म्हणून चाललं होतं. सब्जा झाला, गुलकंद झाला, देवऋषीही झाला. तुम्ही म्हणालात, "मी डॉक्टर नाही. पण कातडीच्या डॉक्टरला दाखवा आणि तोवर यांना या गवतात पाठवू नका." डॉक्टरही तेच बोलले. आई आज खुरपायला जाते ती लांब बाह्यांचा सदरा आणि हातमोजे घालून, आणि ज्या पट्ट्यात काँग्रेस आहे तो मी उपटतो. फुलावर यायच्या आधी, हेही तुमचंच. आधी आम्ही फुललेलं उपटून उकिरड्यात टाकायचो आणि तेच बी शेणखतातून पुन्हा रानात न्यायचो. इतकी वर्षं आपणच पेरत होतो की हो!

टोमॅटोचा किस्सा मात्र लिहू की नको, असं झालं होतं. बांधावर टू-फोर-डी हे तणनाशक मारलं आणि दोन दिवसांनी त्याच पंपानं टोमॅटोवर कीटकनाशक. पंप विसळला होता, पण आमचं विसळणं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. शेंडे पिळवटले, पानं दोऱ्यासारखी बारीक झाली. व्हायरस आला म्हणून मी आणखी एक औषध आणून मारलं. तुम्ही झाड बघितलंत आणि फक्त विचारलंत, "पंप कुठला?" बोल लावला नाहीत, चारचौघांत तर नाहीच. आता तणनाशकाच्या पंपाला लाल रंग आहे आणि तो दुसऱ्या कामाला निघत नाही.

आता भुंगे. प्लॅस्टिकची बरणी, झाकणाला भोकं, आत मळकट पांढरे, पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा असलेले मेक्सिकन भुंगे. गाजर गवत खाऊन संपवायला ते 1984 पासून आपल्या देशात सोडतात, असं तुम्ही सांगितलंत. माझं एकरभर सूर्यफूल उभं होतं आणि कुणीतरी कानात सांगितलं होतं, की कर्नाटकात या किड्यानं सूर्यफूल खाल्लं. मी आडवा आलो. दुसरं कुणी असतं तर "काही होत नाही" म्हणून बरणी मोकळी करून गेलं असतं. तुम्ही म्हणालात, ओरड झाली होती हे खरं आहे, सूर्यफुलाच्या पानावर गाजर गवताचे पराग पडले की भुंगा तिथं कुरतडतो, पण त्यावर त्याची पिढी चालत नाही. मग एका बरणीत दोन्हींची पानं घालून ती माझ्याच ओट्यावर ठेवून गेलात. सकाळी काँग्रेसच्या शिरा उरल्या होत्या. सूर्यफुलाचं पान सुकलं होतं, तेवढंच.

पहिल्या वर्षी फरक काहीच दिसला नाही. गावात माझी "भुंगेवाला" म्हणून चेष्टा झाली. उन्हाळ्यात ओढ्याकाठ जेसीबीनं खरवडून घ्यायचं ठरवलं, आणि त्याच आठवड्यात, कार्यक्रम नाही, सप्ताह नाही, फोटो काढणारा नाही, तुम्ही भर उन्हात आलात. खुरपं मागितलंत, भुंगे सोडले होते तिथं बसून माती उकरलीत आणि तळहातावर झोपलेला भुंगा धरलात. पाऊस पडला की उठेल, म्हणालात. मी जेसीबीवाल्याला नको म्हणून फोन केला, त्याच्या शिव्या खाल्ल्या.

उठले मॅडम. पुढच्या पावसाळ्यात पिवळ्या अळ्यांनी शेंडे आणि कळ्या फस्त केल्या, ऑगस्ट संपेपर्यंत ओढ्याकाठी नुसत्या काड्या. जिथं उघडं पडलं तिथं काँग्रेसला दाबणाऱ्या, तुम्ही सांगितलेल्या तरोट्याचं बी टाकलं, ते चांगलं माजलंय. सगळीकडं असं झालं नाही, तेही लिहितो. बोअरच्या पाइपजवळ उन्हाळाभर ओल असते, तिथं भुंगे झोपेत असताना गवत फुलतं. आणि पिकात खुरपणं आहेच. पण यातलं काहीही तुम्ही आधी सांगितलं नव्हतं असं नाही, म्हणून राग येत नाही.

तुमची बरणी आमच्याकडं राहिली आहे. म्हणजे आमच्याकडंही नाही. आईनं ती भुंगे भरून करमाळ्याला माझ्या बहिणीकडं पाठवली आहे आणि बहीण परत द्यायचं नाव घेत नाही. जानेवारीत हुरड्याला या. तोवर आणून ठेवतो.