भरल्या अंगाचं शूटिंग : मिलिंदला पत्र

दादर, मुंबई

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

प्लस साइझ मॉडेलचं ग्लॅमर शूट तू हातात घेतोयस, हे वाचून मनापासून आनंद झाला. तू दोन गोष्टी विचारल्यास: शूट कसं करायचं आणि जमवलेल्या जुन्या टेपा, डीव्हीडी कॉम्प्युटरवर कशा घ्यायच्या. दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. या मॉडेल ज्यांना आवडतात त्यांना भरलेलं अंग जसं आहे तसं बघायचं असतं. चापून बारीक केलेलं नको आणि यंत्राच्या चुकीने फुगलेलं तर त्याहून नको. आणि फुगवायला यंत्र टपलेलंच असतं, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

आधी अंतराचं बघ, लेन्स नंतर. माणूस बेढब दिसतो तो कॅमेरा जवळ नेल्यामुळे. पोट कॅमेऱ्यापासून १ मीटरवर आणि चेहरा त्याच्या २० सेंटीमीटर मागे असेल, तर चेहऱ्याच्या मानाने पोट २० टक्के मोठं उमटतं. कॅमेरा ३ मीटरवर नेलास की हाच फरक ७ टक्क्यांच्या आत येतो. मोबाइलच्या वाइड लेन्सने हात लांब करून काढलेले फोटो या मॉडेलवर इतका अन्याय का करतात, ते यातच आलं.

आता आपल्या मुंबईच्या खोल्यांची अडचण. फुल फ्रेम (मोठ्या, ३६×२४ मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर आडव्या १६:९ व्हिडिओत डोक्यावर आणि पायाखाली थोडी जागा सोडून २ मीटर उंची बसवायची, तर ५० मिमी लेन्सला जवळजवळ ५ मीटर लागतात, ३५ मिमीला साडेतीन. दहा बाय बाराच्या खोलीचा कर्ण जेमतेम पावणेपाच मीटर. त्यात कॅमेऱ्यामागे उभं राहायला जागा हवी आणि मॉडेल भिंतीपासून पाऊण मीटर तरी पुढे हवी, नाहीतर तिची सावली भिंतीवर काळी चिकटते. म्हणजे अशा खोलीत कोपऱ्यातून कोपऱ्याकडे ३५ मिमी कसाबसा बसतो. त्यापेक्षा पूर्ण उंचीचे शॉट उभ्या फ्रेममध्ये घे. कॅमेरा उभा केला की ५० मिमीला २.८ मीटर पुरतात. आडव्यात कंबरेपासून वर किंवा बसलेली, पहुडलेली मॉडेल घे. अंधेरीत आराम नगरच्या बाजूला तासावर जागा मिळतात. फोनवर भाडं विचारशील तेव्हा लांबी आणि छताची उंचीही विचारून घे.

कॅमेरा उभ्या शॉटला बेंबीच्या उंचीवर, क्लोजअपला डोळ्यांच्या किंचित वर. जमिनीलगत ठेवलास तर मांड्या सगळी फ्रेम खातात आणि चेहरा लांब जातो. काहींना मुद्दाम तसाच शॉट हवा असतो. मग तो मॉडेलला मॉनिटरवर दाखवून, तिला आवडला तरच घ्यायचा.

उजेडाच्या बाबतीत माझं मत पक्कं आहे: रिंग लाइट (लेन्सभोवतीचा गोल दिवा) या कामात नको. समोरून सपाट उजेड पडला की छाती, पोट, मांड्या सगळं एका पातळीवर येतं. गोलाई सावलीमुळे दिसते, आणि सावलीच नसेल तर उरते नुसती रुंदी. १२० सेंटीमीटरचा ऑक्टाबॉक्स (दिव्यावर लावायची आठकोनी कापडी पेटी) घे, मॉडेलपासून सव्वा ते दीड मीटरवर, ६० अंश बाजूला, तिच्या डोक्याच्या थोडा वर. त्याचं तोंड थेट तिच्यावर न रोखता जरा पुढे वळव, म्हणजे कडेचा मऊ उजेड अंगावर येतो. दुसऱ्या बाजूला अर्ध्या मीटरवर काळं कापड किंवा काळा रंगवलेला थर्माकोल उभा कर. त्याने त्या बाजूची कड गडद होते आणि कंबरेचं वळण आपोआप उठून येतं. उजेडी आणि सावलीच्या बाजूत एक ते दीड स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) फरक पुरे. दोन स्टॉपच्या पुढे गेलास की पोटाच्या वळ्यांमध्ये काळ्या रेघा पडतात. मागून खांद्यावर आणि केसांवर एक अरुंद लाइट हवाच, विशेषतः सावळ्या मॉडेलला, नाहीतर ती गडद पडद्यात मिसळून जाते.

वेव्हफॉर्मवर (चित्राचा उजेड टक्क्यांत दाखवणारा आलेख) गव्हाळ त्वचेचा उजेडातला भाग ५५ ते ६० टक्क्यांच्या आसपास ठेव, सावळ्या त्वचेचा ४० ते ५०. सावळीला उजळ करायला एक्स्पोजर वाढवलंस तर त्वचा राखेसारखी करडी होते, ते मुळीच करू नकोस.

फ्लिकरचं, म्हणजे दिव्यांच्या लुकलुकण्याचं, बघून घे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी आणि ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेव आणि फ्रेमरेट २५ किंवा ५०. मोबाइल किंवा कॅमेरा ६० फ्रेमवर, १/६० शटरला राहिला तर अंगावरून फिकट-गडद पट्टे सरकत जातात. पाठीवर, मांडीवर ते ठळक दिसतात आणि नंतर निघत नाहीत.

मॉडेलला शूटच्या दिवशी सैल गाऊन घालून यायला सांग. ब्राचे, परकराच्या नाडीचे, लेगिंगच्या इलॅस्टिकचे वळ जायला अर्धा-एक तास लागतो, आणि रिटचिंगमध्ये ते काढत बसणं म्हणजे फुकटचा वेळ. मांड्या घासून काचतात, त्यासाठी पेट्रोलियम जेली किंवा टाल्कम जवळ ठेव. एसी टेकच्या वेळी आवाजासाठी बंद करावा लागतो, म्हणून टेक तीन-चार मिनिटांचेच ठेव आणि मध्ये एसी लाव. छातीखालचा, मानेमागचा घाम टिपूनच पावडर, पुसायची नाही. कपड्याला आतून लावायची दोन्हीकडून चिकटणारी टेप घामावर सुटते. आधी त्वचा स्पिरिटने पुसून कोरडी कर, आणि तिची त्वचा नाजूक असेल तर टेप वापरूच नकोस.

मापाचे कपडे हा या कामातला सगळ्यात दुर्लक्षित भाग. रॅकवरची ब्रा बहुतेक वेळा मागे मोठी आणि कपला लहान अशी गळ्यात मारली जाते. मग पट्टा पाठीवर वर चढतो आणि खांद्याचे पट्टे रुततात. छातीखालचं माप श्वास सोडून घे, छातीचं सर्वात भरल्या जागी. दोन्हींतला फरक १ इंच म्हणजे ए, २ म्हणजे बी, ३ सी, ४ डी, असं पुढे. मोठा कपडा मागून चिमटे लावून आवळायची युक्ती फोटोत चालते, व्हिडिओत मॉडेल वळली की उघडी पडते. शिंप्याकडून आवळून घेणं हाच उपाय.

साडी ग्लॅमरला फार सुंदर दिसते, पण गणित बघ. साडी साडेपाच मीटर. कमरेभोवती दोन वेढे, आणि घेर ३८ ऐवजी ४८ इंच असेल तर तिथेच अर्धा मीटर जास्त जातो. पाच इंची दोन निऱ्या कमी झाल्या, वर पदरही आखूड पडतो. म्हणून साडीला जोडून आलेला ब्लाउजपीस कापूच नकोस, सव्वासहा मीटर मिळतात. ब्लाउजचं कापड मंगलदास मार्केटमधून वेगळं घे. शिफॉन, जॉर्जेट अंगाला धरून पडतं. ऑर्गंझा फुगून उभी राहते आणि आतली कंबर नाहीशी होते.

बसवताना पाठीचा कणा ताठ, वजन मागच्या पायावर, हात अंगाला दाबलेला नको. दंड छातीला टेकला की पसरून दुप्पट दिसतो, दोन बोटं अंतर ठेवलं की पुरे. मऊ गादीवर पहुडली की अंग गादीत बुडतं, आणि जे वळण दाखवायचं तेच दिसत नाही. गादीखाली १८ मिमी प्लायवूड सरकव आणि वर पातळ रजई घाल. हाताच्या खुर्च्या टाळ, दिवाण बरा. स्टूल, झोपाळा किती वजन पेलतो ते आधी विचारून घे. तिच्यासमोर तपासत बसू नये, तिला ते लागतं.

आता फाइलकडे येतो, कारण बरीच चांगली शूट इथेच मरतात. भरल्या अंगावर उजेडाकडून सावलीकडे जाणारा उतार लांब आणि सलग असतो. ८ बिट व्हिडिओत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १० बिटमध्ये १०२४. लांब उतारावर २५६ पायऱ्या कमी पडतात आणि मांडीवर, पोटावर नकाशातल्या उंचीच्या रेघांसारखे पट्टे उमटतात. वर कॉम्प्रेशन करणारा कोडेक कमी कॉन्ट्रास्टचा बारीक तपशील सगळ्यात आधी टाकून देतो, आणि त्वचेचा पोत म्हणजे नेमकं तेच. परिणाम: मेणाची बाहुली. लहान चेहऱ्यावर, बारीक अंगावर हे खपून जातं, इथे नाही.

म्हणून शूट १० बिट, ४:२:२ (रंगाची जास्त माहिती राखणारी नोंद) मध्ये कर. १०० मेगाबिट प्रतिसेकंद धरलास तर तासाला ४५ जीबी, तेवढी कार्डं आणि दोन डिस्क जवळ ठेव. शेवटची फाइल एच.२६५ या कोडेकची, १० बिट, सीआरएफ (दर्जाचा आकडा, कमी तितका चांगला) १८ ते २०. एक्स२६५ मध्ये (ही फाइल बनवणारा एनकोडर) एसएओ फिल्टर बंद कर, तो पोत पुसतो. एक्यू-मोड ३ ठेव, म्हणजे गडद भागाला जास्त बिट मिळतात. एनकोड करण्याआधी अगदी बारीक ग्रेन (दाणेदारपणा) घाल, पट्टे तुटतात. ज्यांच्या जुन्या यंत्रावर ती चालणार नाही त्यांच्यासाठी एच.२६४ ची वेगळी फाइल, त्याच ग्रेनसह.

कॅमेऱ्यातलं स्किन स्मूदिंग, मोबाइलचा ब्यूटी मोड, ‘स्लिम’ सगळं बंद आहे ना, ते टेस्ट घेऊन बघ. काही फोनवर ते आपणहून चालू असतं. लिक्विफाय (चित्र ढकलून आकार बदलणारं साधन) तर नकोच: कंबर आत ढकलली की मागच्या दाराची चौकट वाकते, आणि व्हिडिओत ती फ्रेमगणिक डुलते. स्ट्रेच मार्क्स राहू देत. पुळी, डास चावल्याची खूण काढ, ती आठवड्यात जाणारी असते.

जुन्या संग्रहाचं. आधी एक समज काढून टाक. घरगुती व्हिडिओ टेपांत बीटामॅक्स १९७५ ची, व्हीएचएस १९७६ ची, आणि व्हीएचएस जिंकली ती प्रौढांच्या फिल्म्समुळे, असं सर्रास सांगितलं जातं. पहिली बीटामॅक्स टेप तासाभराची आणि व्हीएचएस दोन तासांची होती, आणि व्हीएचएसवाल्या जेव्हीसी कंपनीने परवाने सढळ हाताने वाटले. माझ्या मते खरं वजन त्यातच होतं.

टेप लावण्याआधी खिडकीतून आत बघ. रिळाच्या कडेला पांढरी पूड दिसली तर ती बुरशी, आपल्या पावसाळ्याची देणगी. ती टेप मशीनमध्ये घातलीस तर हेडला लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक टेपला. ती आधी साफ करणाऱ्याकडेच दे. चांगल्या टेपा टाइम बेस करेक्टरमधून (ओळींची वेळ नीट लावणारं यंत्र) घे, नाहीतर उभ्या रेषा थरथरतात. व्हिडिओ इंटरलेस्ड आहे (प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन फील्डची), त्यामुळे एक फील्ड टाकून देऊ नकोस. एफएफएमपेग सॉफ्टवेअरच्या बीडब्ल्यूडीआयएफ फिल्टरने ५० फील्डच्या ५० फ्रेम कर, हालचाल जिवंत राहते.

आणि आता जे मला सगळ्यात खटकतं ते. ४:३ चं चित्र रुंद टीव्हीवर ताणून लावलं की माणूस एक तृतीयांश जास्त रुंद होतो. हे निदान डोळ्यांना कळतं. पण अमेरिकन डीव्हीडी ७२०×४८० ची असते, तिचे पिक्सेल चौकोनी नसतात, आणि ४:३ ला ती ६४०×४८० दिसायला हवी. सॉफ्टवेअरने ७२० तसेच ठेवले तर साडेबारा टक्के रुंदी वाढते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. पालची (आपल्याकडची टीव्ही पद्धत) ७२०×५७६ ही ४:३ ला ७६८×५७६ आणि १६:९ ला १०२४×५७६ करायची. फ्रेममध्ये घड्याळ, ताटली, गाडीचं चाक शोध आणि ते गोल आहे का बघ. त्या मॉडेलने जे अंग अभिमानाने दाखवलं, ते आपण मोडतोड करून जपत असू तर तो संग्रह कशाला म्हणायचं? एआय अपस्केलही (एआयने मोठं केलेलं चित्र) मूळ फाइलच्या जागी ठेवू नकोस, तो नसलेली त्वचा रचतो आणि चेहराही थोडा बदलतो.

व्हीआर१८० (चष्म्यातून बघायचा १८० अंशांचा त्रिमित व्हिडिओ) विषयी थोडक्यात. कॅननच्या दुहेरी फिशआय लेन्समध्ये दोन भिंगांत ६० मिमी अंतर आहे, आपल्या डोळ्यांच्या जवळपास, म्हणून माणूस खऱ्या आकारात दिसतो. मॉडेल मीटरभराच्या आत आणू नकोस, बघणाऱ्याचे डोळे दुखतात. कॅमेरा अगदी समतल आणि तिच्या डोळ्यांच्या उंचीवर, शक्य तर ६० फ्रेम. मग लाइट त्याच हिशोबाने तपास.

२०१६ मध्ये अ‍ॅशली ग्रॅहॅम ही अमेरिकन प्लस साइझ मॉडेल स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड नियतकालिकाच्या स्विमसूट अंकाच्या तीन मुखपृष्ठांपैकी एकावर आली आणि त्याच वर्षी आपल्या मुंबईत लॅक्मे फॅशन वीकमध्ये प्लस साइझ शो झाला. त्यानंतर कामं वाढली, तशी फसवणूकही वाढली. म्हणून कागद. वयाचा पुरावा बघून प्रत ठेव. लेखी संमतीत कुठे, किती काळ, कोणत्या कपड्यात आणि कोणते शॉट नाहीत, हे मराठीत किंवा तिला कळेल त्या भाषेत लिही. संमती शूटच्या मध्येही मागे घेता येते, हे तिला तोंडीही सांग. आयटी कायद्याच्या कलम ६७ अ खाली लैंगिक कृती दाखवणारा मजकूर प्रसारित केला तर पहिल्या गुन्ह्यालाच ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड आहे. नुसता अश्लील ठरला तर कलम ६७. संमतीशिवाय खासगी अवयवांचं चित्र घेणं किंवा पसरवणं हे ६६ ई. तेव्हा ग्लॅमरची रेघ आधी आखून घे आणि वकिलाला दाखव. पोर्टफोलिओचे पैसे मॉडेलने दिले असतील, तर वेगळा करार नसताना फोटोंचा कॉपीराइट तिचा असतो, हेही लक्षात ठेव. फाइल देण्याआधी तिच्यातली जीपीएस नोंद काढून टाक. शूट मॉडेलच्या घरी असेल तर हे विसरून चालणारच नाही.

पहिल्या दिवशी मॉडेल येण्याआधी दहा सेकंदांची टेस्ट घे: तुमच्यापैकी कोणीतरी उघड्या दंडाने लाइटमध्ये उभं राहू दे, १० बिट, शटर १/५०. मूळ फाइल पाठव, व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून नको, तिथे ती दाबून लहान होते. ड्राइव्हवर टाक. मी पट्टे आणि वेव्हफॉर्म बघून कळवतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अभय