शटर ओढण्याआधी

न्यूयॉर्क

ती. आई आणि ती. बाबा यांस,
सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर बाबा म्हणाले, "दिवाळीनंतर शटर ओढून घेतो. पोरं काही गल्ल्यावर बसणार नाहीत." आणि लगेच पावसाचं विचारायला लागले. खाणावळीचा विषय निघाला की तुम्ही हे नेहमी करता बाबा, म्हणून लिहायला बसले. पत्र तरी शेवटपर्यंत वाचाल.

इथल्या ज्यू लोकांच्या जुन्या खाण्याच्या दुकानांबद्दल मी मागे बोलले होते, आठवतं? डेली म्हणतात त्यांना. १८८० नंतरच्या चाळीसेक वर्षांत पूर्व युरोपातून वीस लाखांच्या आसपास ज्यू अमेरिकेत आले. त्यातले कितीतरी मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइड नावाच्या भागात एकेका खोलीत दाटीवाटीने राहिले. त्यांच्यातून ही दुकानं उभी राहिली. खारवलेलं, धुरावलेलं मांस, राय नावाच्या धान्याचा पाव, मोहरीची चटणी, बरणीतल्या आंबट काकड्या. १९३०च्या दशकात या एका शहरात नुसत्या कोशर, म्हणजे त्यांच्या धर्मनियमांप्रमाणे चालणाऱ्या डेली दीड हजारांवर होत्या. आज त्यातल्या अगदी मोजक्या उरल्यात.

कोशरचं तुम्हाला वेगळं समजावायला नको. आपल्या इस्रायल आळीतल्या ज्यू काकू मटणाला दही कधी लावायच्या नाहीत, नारळाचं दूध घालायच्या. मांसाबरोबर दूधदुभतं नाही, तोच नियम इथे. खऱ्या कोशर डेलीत चीज मिळत नाही, कॉफीत दूध मिळत नाही. पहिल्यांदा गेले तेव्हा मी वेटरला काही विचारलंच नाही, मला काकूंच्या स्वयंपाकघरात बसून सगळं ठाऊक होतं. ते सगळे इस्रायलला गेल्यावर आई कितीतरी दिवस त्यांच्या बंद दाराकडे बघायची, तेही तिथे आठवलं.

मी बीफ खात नाही, त्यामुळे त्यांची प्रसिद्ध पास्त्रामी चाखलेली नाही. मॅट्झो बॉल सूप मात्र आवडीने खाते. कोंबडीच्या स्वच्छ रश्शात बेखमीर पावाच्या चुऱ्याचा मऊ गोळा. ताप आला की आई मऊ भात देते ना, अगदी तसं पोटाला बरं वाटतं. पण पास्त्रामी करतात कशी ते मी नीट बघितलंय. मांस मिठाच्या पाण्यात कितीतरी दिवस मुरवायचं, मग मिरी, धणे, लसूण चोळून धुरावर ठेवायचं, मग पुन्हा वाफवायचं. इतकं होईस्तोवर त्याचं वजन चांगलंच घटलेलं असतं. म्हणजे घेतलं किती आणि विकलं किती, हा हिशेब पहिल्यापासूनच अंगावर येणारा. बाबा, सुरमई महाग झाली की तुम्ही तुकडा लहान करत नाही, भाव वाढवायलाही तुमचा जीव होत नाही. इथे त्या सँडविचला पंचवीस डॉलरच्या वर मोजावे लागतात आणि तरी मालक म्हणतात, हातात फारसं काही राहत नाही.

ही दुकानं का मिटली? १९२४ च्या कायद्याने पूर्व युरोपातून येणाऱ्यांची वाट जवळजवळ बंद झाली, नवी माणसं येईनात. महायुद्धानंतर मुलं शहर सोडून लाँग आयलंड, न्यू जर्सीकडे घरं घेऊन राहिली. सुपरमार्केटात तेच मांस पाकिटात मिळायला लागलं. डॉक्टर चरबी खाऊ नका म्हणायला लागले. भाडी वाढली. जे नियमाने शुक्रवार संध्याकाळपासून शनिवारी रात्रीपर्यंत बंद ठेवायचे, त्यांचे तर ऐन गर्दीचेच दिवस जायचे.

पण माझ्यासोबत काम करणारी एक मैत्रीण आहे, तिच्या आजोबांची ब्रॉन्क्समध्ये डेली होती. तिला विचारलं तर तिने यातलं काहीच सांगितलं नाही. म्हणाली, आजोबा दिवसाचे चौदा तास उभे राहून मांस कापायचे ते माझ्या बाबांना मांस कापावं लागू नये म्हणून. तिचे बाबा डॉक्टर झाले. आजोबांनी दुकान विकलं, त्या दिवशी आजी रडली आणि आजोबांनी शेजाऱ्यांना पेढे वाटावेत तसा केक वाटला.

बाबा, मला आणि दादाला सुट्टीतसुद्धा गल्ल्यावर बसू न देणारे तुम्हीच. "वर जा, अभ्यास कर." मी ताट उचलायला आले तरी आई हातातून काढून घ्यायची. आम्ही दोघं दूर आहोत म्हणून खाणावळ बुडतेय असं तुम्ही मनात धरलंय, ते कृपा करून काढून टाका. तुम्हाला जे हवं होतं ते तुम्ही केलंत, आणि ते पुरं झालं. मला त्याचा अभिमान आहे आणि तुमच्या त्या गल्ल्याचाही आहे.

आता मुद्द्याचं. इथली सगळ्यात जुनी आणि नावाजलेली डेली म्हणजे कॅट्झ, १८८८ पासूनची. आत शिरताना हातात एक तिकीट देतात, काय घेतलं ते त्यावर लिहितात आणि बाहेर पडताना ते दाखवून पैसे द्यायचे. कापणारा माणूस सुरीने मांस कापता कापता एक काप बशीत ठेवून आधी चव बघा म्हणतो. दुसऱ्या महायुद्धात मालकांची मुलं सैन्यात होती, तेव्हा 'पोराला सलामी पाठवा' म्हणून पाटी लागली (सलामी म्हणजे खारवलेल्या मांसाचा एक प्रकार), ती आजही आहे. आईला ही गोष्ट आवडेल, तिने मला हॉस्टेलवर किती डबे पाठवले!

तर हे दुकान काढलं आइसलँड आडनावाच्या भावांनी. मग कॅट्झ घराणं भागीदार झालं, पुढे त्यांनी ते विकत घेऊन आपलं नाव दिलं. १९८८ मध्ये डेल घराण्याने घेतलं, आज त्यांची तरुण पिढी चालवते. म्हणजे बाबा, सव्वाशेहून जास्त वर्षं जे टिकलं ते एका रक्तात टिकलेलं नाही. उलट कार्नेगी डेली बघा, १९३७ ची. इमारत स्वतःची, दारात पर्यटकांची रांग, भाड्याची चिंता नाही. तरी २०१६ च्या ३१ डिसेंबरला बंद झाली, कारण वडिलांनंतर चालवणाऱ्या मालकीणबाई पहाटे-रात्रीच्या त्या धबडग्याला थकल्या होत्या. मला त्यांना नावं ठेवायची नाहीत, थकणं खरं असतं. आईचे गुडघे मी बघते आहे.

आणि सेकंड अ‍ॅव्हेन्यू डेली. एब लेबेवोल नावाच्या निर्वासित माणसाने १९५४ मध्ये थोड्याशा खुर्च्यांवर सुरू केली, उपाशी माणसाला परत पाठवायचा नाही म्हणून त्याची ख्याती. १९९६ मध्ये बँकेत पैसे भरायला जाताना त्याचा खून झाला. भाड्याच्या वादात २००६ साली दुकान बंद पडलं, त्या जागी बँक आली. वर्ष-दोन वर्षांत पुतण्यांनी तेहतिसाव्या रस्त्यावर पुन्हा उघडलं. मी तिथलंच सूप पिते. जागा नवी आहे, तरी माणसं लांबून येतात.

म्हणून माझं म्हणणं असं, की खाणावळ मावशींना आणि त्यांच्या मुलाला चालवायला द्या. आईच्या शेजारी उभं राहून त्या इतकी वर्षं वाटण वाटताहेत. मुलगा पहाटे बंदरावर जाऊन मासळी पारखून आणतो, ती परत करावी लागल्याचं मला आठवत नाही. आधी वर्षभर भागीदारीत द्या, झेपलं तर पुढचं बघू. नाव तेच राहू दे. जागा आपलीच आहे, भाडं त्यांना परवडेल असं ठेवा. तुम्हाला दुपारच्या गर्दीपुरतं गल्ल्यावर बसायचं तर बसा, नाहीतर घरी पेपर वाचत बसा. कागदपत्रांचं दादा वकिलाशी बोलेल.

आई, तुझ्याकडे एक काम. मसाल्याचं आणि सोलकढीचं प्रमाण वहीत लिहून ठेव, मूठ आणि चिमूट नको, वाटी-चमच्यात लिही. मावशींना हाताने येतं, पण उद्या त्यांच्या सुनेलाही यायला हवं.

डिसेंबरात मी येतेच आहे, तेव्हा मावशींबरोबर बसून बोलू. तोवर बाबा, मोठी पातेली आणि फ्रीज विकायला काढू नका. कुणाला शब्द दिला असेल तर मला आधी फोन करा.

तुमची,
ताई